आरोग्यदर्शक स्मार्ट आरसा

काचेमागे बसवलेल्या पडद्यावर वजन, रक्तदाब, झोप किंवा रक्तातील साखर अशा वैयक्तिक नोंदी दाखवणारा आरसा. काच अर्धपारदर्शक असते. पडदा जिथे काळा तिथे चेहरा दिसतो, जिथे पांढरी अक्षरे उमटतात तिथे ती काचेतून आरपार येतात. तयार आरसेही निघाले आहेत. न्यूरालॉजिक्सचा चेहरा पाहून अंदाज बांधणारा आरसा २०२४ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात, तर विदिंग्जचा ‘ऑम्निया’ २०२५ मध्ये निव्वळ संकल्पना म्हणून मांडला गेला. घरी घडवलेले अनेक आरसे मात्र ‘मॅजिकमिरर’ या मुक्त (ओपन-सोर्स) प्रणालीवर चालतात. नेदरलँड्सच्या मायकेल टेऊ यांनी ती २०१४ मध्ये सुरू केली आणि २०१६ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ती सुट्या मॉड्यूलांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या छोट्या भागांची झाली. घड्याळ, दिनदर्शिका, हवामान, बातम्या ही मॉड्यूल तिच्यासोबतच येतात. आरोग्याचे येत नाही. ते बाहेरून आणून जोडावे लागते किंवा स्वतः लिहावे लागते.

साहित्य : २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) पुरतो. त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाईलचा जुना चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह येते आणि पाय मधूनच अडखळतो. मॉनिटर २४ इंची आणि काळा रंग खरोखर काळा दाखवणारा हवा, म्हणून व्हीए पॅनेल बरे. स्वस्त पॅनेलचा मागचा प्रकाश झिरपतो आणि अंधारात आरशावर करडा चौकोन दिसतो. काच ४ ते ५ मिमी जाडीची घ्यावी. ॲक्रिलिक हलके व स्वस्त पडते, पण मोठा तुकडा किंचित वाकतो आणि चेहरा लांबट दिसू लागतो. आरसा मॉनिटरपेक्षा मोठा असेल तर उरलेल्या काचेमागे काळा कागद चिकटवावा, नाहीतर फ्रेमची आतली बाजू दिसते. फ्रेमला खाली आणि वर हवेसाठी भोके ठेवावीत. चिप ८० अंश सेल्सिअसला पोहोचली की पाय आपला वेग आपणच कमी करतो. आरसा न्हाणीघरात लावायचा असेल, तर अडॅप्टर बाहेर ठेवावा आणि त्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. कोकणात पावसाळ्यात साधे प्लायवुड फुगते, तिथे सुताराला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचेच सांगावे.

माणूस समोर आला की पडदा उजळावा म्हणून एचसी-एसआर५०१ सारखा, शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर लावतात. हा सेन्सर काचेमागे ठेवला तर कधीच चालत नाही, कारण शरीराच्या उष्णतेचे लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण काच आणि ॲक्रिलिक दोन्ही अडवतात. तो फ्रेमच्या खालच्या कडेला भोक पाडून उघडा बसवावा. मॉनिटरऐवजी टीव्ही वापरला असेल, तर सिग्नल बंद होताच अनेक टीव्ही निळा पडदा दाखवत राहतात. घेण्यापूर्वीच हे तपासावे.

माहिती कुठून आणायची : आरशाचे खरे काम इथे असते, आणि तो पुढे किती वर्षे चालेल हेही इथेच ठरते. ॲपलच्या हेल्थ ॲपमधील नोंदींना बाहेरून वेबने हात लावता येत नाही. फोनवरच्या शॉर्टकट्समधून किंवा एखाद्या निर्यात करणाऱ्या ॲपमधून त्या आरशाकडे ढकलाव्या लागतात. अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टचेही तेच. गूगल फिटच्या एपीआयसाठी (दुसऱ्या प्रणालीने माहिती मागवण्याच्या वाटेसाठी) नवी नोंदणी १ मे २०२४ पासून बंद झाली, त्यामुळे त्यावर बेतलेले जुने मार्गदर्शन आता निरुपयोगी आहे. फिटबिटच्या वेब एपीआयला प्रवेश-टोकन (परवानगीची डिजिटल चिठ्ठी) ८ तासांचे मिळते आणि एका वापरकर्त्यासाठी तासाला १५० विनंत्यांची मर्यादा असते. मुदत संपल्यावर नवे प्रवेश-टोकन मिळवून देणारे रिफ्रेश टोकन मात्र एकदाच वापरता येते. नवे टोकन आले आणि फाइलमध्ये लिहिण्याआधीच वीज गेली, तर जुने बाद, नवे हरवलेले, आणि परवानगीचा सगळा सोपस्कार पहिल्यापासून. म्हणून टोकन आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग तिचे नाव बदलावे, थेट मूळ फाइलवर लिहू नये.

मधुमेहींसाठी नाइटस्काउट ही मुक्त प्रणाली उत्तम आहे. सतत मोजणाऱ्या सेन्सरची साखर ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते आणि एका साध्या विनंतीत शेवटचा आकडा, वेळ व चढ-उताराची दिशा देते. आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. परदेशी उपकरणांवर मिलिमोल दिसले तर १८ ने गुणावे.

क्लाउडची ही सगळी कटकट टाळायची तर उपकरणाचा ब्लूटूथ संदेश घरातच ऐकावा. शाओमीचा साधा मी स्मार्ट स्केल हा वजनकाटा यासाठी नमुनेदार आहे. त्यावर उभे राहिले की तो जोडणी न मागताच १० बाइटचा संदेश हवेत सोडतो. पहिल्या बाइटमध्ये खुणा असतात : शून्यापासून मोजल्यास पाचवा बिट लागला (१ झाला) म्हणजे वजन स्थिर झाले, सातवा लागला म्हणजे माणूस काट्यावरून उतरला. दुसऱ्या-तिसऱ्या बाइटमध्ये वजन असते आणि त्यातला लहान बाइट आधी येतो. ते बाइट १७६ आणि ५४ आले, तर ५४ × २५६ + १७६ = १४०००; किलोग्रॅमच्या मोडमध्ये याला २०० ने भागायचे, की ७० किलो. उरलेल्या ७ बाइटमध्ये तारीख व वेळ असते. पाचवा बिट तपासला नाही तर पाय टेकवतानाचे अर्धवट वजन नोंदले जाते. उतरल्यावरही काटा जुनाच आकडा थोडा वेळ सांगत राहतो, म्हणून त्याच वेळेची नोंद दुसऱ्यांदा घेऊ नये. शरीरातील चरबी मोजणाऱ्या मॉडेलचा संदेश १३ बाइटचा असतो आणि त्यात वजन शेवटच्या दोन बाइटमध्ये येते. दोन्हींना एकच कोड चालत नाही.

मॉड्यूल : बाहेरून माहिती आणणाऱ्या मॉड्यूलचे दोन भाग असतात. पडद्यावरचा भाग काय दिसावे ते ठरवतो. ‘नोड हेल्पर’ मागे राहून माहिती आणतो आणि सॉकेट सूचनेतून (दोन भागांतल्या अंतर्गत संदेशातून) पुढे पाठवतो. टोकन, पासवर्ड असे सारे हेल्परच्याच बाजूला, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. प्रणालीच्या मांडणीची कॉन्फिग फाइल पडद्याच्या ब्राउझरपर्यंत जाते, त्यामुळे तिच्यात लिहिलेली किल्ली गुप्त राहील असे धरून चालू नये. मॉड्यूलचे नाव व जागा याच कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवतात. तिथे एक स्वल्पविराम जरी चुकला तरी नोंदवलेले एकही मॉड्यूल दिसत नाही. बदल केल्यावर कॉन्फिग तपासणीची आज्ञा चालवण्याची सवय लावावी. वजन दिवसातून एकदा, पावले १५ मिनिटांनी, सेन्सरची साखर ५ मिनिटांनी आणली की पुरे.

मांडणी : आकड्यासोबत तो कधी मोजला हे दिसलेच पाहिजे. आरशातली सगळ्यात घातक चूक म्हणजे जोडणी तुटल्यावरही कालचाच आकडा ठळकपणे झळकत राहणे; त्यापेक्षा रिकामी जागा परवडली. नाइटस्काउट मूळ मांडणीत १५ मिनिटे नवी नोंद आली नाही तर इशारा देते आणि ३० मिनिटांनी तो तातडीचा करते. तोच नियम आरशावर लावावा : १५ मिनिटांनी आकडा फिका, ३० नंतर त्याच्या जागी आडवी रेघ. वजनाचा रोजचा आकडा पाणी, मीठ आणि पोट साफ होणे-न होणे यांवर किलो-दीड किलोने सहज हलतो. म्हणून ७ दिवसांची सरासरी मोठी आणि आजचे वजन बारीक दाखवावे. रक्तदाबाचे एकच वाचन दाखवण्यात अर्थ नाही. ५ मिनिटे शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांची सरासरी ठेवावी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नाही.

काच पडद्याचा बराच प्रकाश खाते, त्यामुळे लाल आणि निळी बारीक अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. धोक्याचा आकडा लाल करण्यापेक्षा पांढराच ठेवून त्याला चौकट द्यावी. अक्षरे मोठी ठेवण्याचे आणखी एक कारण चाळिशी. आरशापासून ६० सेंमीवर उभे राहिले तर आपला चेहरा डोळ्याला १२० सेंमीवर असल्यासारखा दिसतो, अक्षरे मात्र ६० सेंमीवरच असतात. चष्म्याविना दाढी करणाऱ्याला स्वतःचा चेहरा स्पष्ट आणि रक्तदाब धूसर, असे होते. मूळ मांडणीतला ६५ पिक्सेलचा आकार २४ इंची मॉनिटरवर सुमारे १८ मिमीचा भरतो. मुख्य आकड्यासाठी त्याहून लहान जाऊ नये.

मराठीत मांडणी करायची तर प्रणालीसोबत येणारा रोबोटो फॉन्ट देवनागरीला उपयोगी नाही. पायवर नोटो किंवा लोहित देवनागरी बसवला नसेल, तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. फॉन्ट बसवल्यावरही वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळीत घुसतात, कारण मूळ शैलीत मोठ्या अक्षरांना ओळीची उंची अक्षराइतकीच ठेवली आहे. दिसण्याचे आपले नियम लिहायच्या कस्टम सीएसएस फाइलमध्ये ती १.४ पट करावी. मूळ फाइलला हात लावू नये, पुढच्या अद्ययावतीत तो बदल पुसला जातो.

वीज आणि वेळ : वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी दोन तक्रारी ठरलेल्या. एक, अचानक बंद झाल्याने मेमरी कार्ड खराब होणे. याला छोटा यूपीएस आणि कार्डाची प्रत जवळ असणे हेच उपाय. दुसरी चटकन लक्षात येत नाही. पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नसते. वीज आल्यावर तो राउटरच्या आधी जागा होतो, चुकीची वेळ धरून बसतो, आणि मग टोकनची मुदत व सुरक्षित जोडणी दोन्ही बिघडतात. वेळ जुळल्याची खात्री होईपर्यंत हेल्परने एकही विनंती पाठवू नये. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ न ठेवता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला, तर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि मध्यरात्रीनंतर त्या वेळेपर्यंतच्या नोंदी आदल्या तारखेत जातात.

खासगीपणा : आरसा बैठकीत असेल तर तो पाहुण्यांनाही दिसतो. साखर आणि वजन झोपण्याच्या खोलीतल्या आरशावर ठेवावे, बैठकीत पावले पुरेत. एकाच काट्यावर घरातले सगळे उभे राहत असतील, तर वजनाच्या पट्ट्यावरून माणूस ओळखता येतो. पण दोघांच्या वजनात ३-४ किलोच फरक असेल तर नोंदी एकमेकांच्या खात्यात जातात. तिथे फोनवरून नाव निवडण्याची सोय ठेवावी. प्रणालीचा पत्ता मूळ मांडणीप्रमाणे ‘लोकलहोस्ट’, म्हणजे फक्त त्याच संगणकापुरता असतो. फोनवरून पाहता यावे म्हणून तो सगळ्यांसाठी उघडला आणि परवानगीच्या पत्त्यांची यादी रिकामी सोडली, तर त्या वाय-फायवरचा कोणीही ८०८० या पोर्टवर सर्व आकडे वाचू शकतो. यादीत घरातल्या उपकरणांचेच पत्ते लिहावेत आणि राउटरवरून हे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडू नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलेला आहे. हाच आरसा व्यायामशाळेत किंवा दवाखान्यात टांगला, तर ती सूट राहत नाही आणि ज्याच्या नोंदी त्याची संमती घ्यावी लागते.