गांधीजींनी अणुबॉम्ब टाकला, असं कोण म्हणतं?

यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचा फळापानांचा मांडव, बांधायचं काम चाललं होतं आणि माझा भाचा कोपऱ्यात मोबाईलवर भराभर काही टाइप करत होता. नववीतला मुलगा. व्हिडिओ गेमच्या एका फॅन विकीवर, म्हणजे चाहत्यांनीच मिळून लिहिलेल्या माहितीच्या संकेतस्थळावर, तो मनापासून लिहितो. मध्येच मान वर करून त्यानं विचारलं, "मामा, गेममधले गांधीजी अणुबॉम्ब का टाकतात, ठाऊक आहे?" आणि उत्तरही त्यानंच दिलं.

'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ साली आला. त्यात देशांचे नेते असतात, भारताचे गांधीजी. गोष्ट अशी सांगतात की प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा होता. गांधीजींचा सगळ्यांत कमी, १. देशानं लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. उत्तर हवं उणे १. पण आकडा साठवला होता आठ बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या आठ घरांत, तोही उणे चिन्हाला जागा न ठेवता. अशा आठ बिटांत ० ते २५५ एवढंच मावतं. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर शून्यावरून एक घर मागे फिरवला, तर सगळ्या घरांत ९ दिसतील. इथंही तसंच: शून्याच्या मागं गेलं की आठही बिटांत १ येतो, म्हणजे २५५. सर्वांत शांत नेता एका क्षणात सर्वांत युद्धखोर!

यातलं गणित बरोबर आहे. अशा चुका संगणकात खरोखर होतात, आणि म्हणूनच ही गोष्ट ऐकताक्षणी पटते. फक्त या खेळात ती घडली नव्हती. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० सालच्या आत्मचरित्रात सांगितलं की असा बग कधी नव्हताच; नेत्यांच्या गुणांसाठी त्यांनी चिन्हाविना साठवलेले आकडे वापरलेच नव्हते. दुसऱ्या भागाचे प्रमुख रचनाकार ब्रायन रेनल्ड्स यांच्या आठवणीनुसार मूळ खेळात आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींच्या बरोबरीनं एक तृतीयांश नेते होते. २०१० सालच्या पाचव्या भागात मात्र गांधीजींची अण्वस्त्रांची आवड १० पैकी चक्क १२ ठेवलेली होती. ती चूक नव्हती, रचनाकारानं मुद्दाम केलेली गंमत होती.

मग २५५ची कथा आली कुठून? २०१२ साली कथानकांतल्या ठरावीक क्लृप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर कुणीतरी ती लिहिली, पुरावा न देता. त्याच वर्षी ती एका फॅन विकीवर आली. पुढं गेमच्या बातम्या देणाऱ्यांनी ती उचलली, आणि एकदा बातमी छापून आली की तीच पुरावा म्हणून दाखवता येते. वाचणाऱ्याला वाटतं, दहा ठिकाणी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. पण एकाच टाकीला दहा नळ जोडले म्हणून पाणी दहा विहिरींचं होत नाही. संदर्भ मोजण्याआधी ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे पाहावं लागतं. माझ्या मते विकीवर लिहिणाऱ्याचं सर्वांत मोठं काम हेच. तळटीप जोडायला मिनिट लागतं. वेळ जातो तो टाकीपर्यंत चालत जाण्यात.

गेमच्या बाबतीत ही टाकी पुष्कळदा खुद्द गेमच असतो. पण नुसतं "गेममध्ये आहे" म्हणून भागत नाही. आज एखाद्या तलवारीचा मार ४० असेल, पुढच्या अपडेटमध्ये ३५ होईल. म्हणून आवृत्तीचा क्रमांक, खेळ कशावर खेळला, कुठली पातळी, तपासल्याची तारीख, एवढं लिहायलाच हवं. स्वतः मोजलं असेल तर किती वेळा मोजलं तेही. निर्मात्यांच्या अपडेटच्या यादीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. माइनक्राफ्टच्या याद्यांमध्ये "हेरोब्राइन काढून टाकला" अशी ओळ वारंवार आली आहे. हेरोब्राइन नावाचं भूत त्या खेळात कधीच नव्हतं. निर्माते अफवेवर विनोद करत होते. ओळ अस्सल, पण शब्दशः घेतली तर माहिती खोटी.

शिवाय दुवे मरतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकीवर दुवा देतानाच त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवली, तर पान नाहीसं झाल्यावरही वाचणाऱ्याला ती सापडते.

हे सगळं मी भाच्याला सांगत होतो तेव्हा आई माटोळीची फळं निवडत होती. एक कवंडाळ हातात घेऊन तिनं विचारलं, "हें खंयचें?" म्हणजे हे कुठलं? बाजारातलं, म्हणून कुणी सांगितलं. "बाजारांत खंय थावन आयलें?" बाजारात कुठून आलं, हा आईचा पुढचा प्रश्न. भाचा हसला नाही. त्यानं आपलं पान पुन्हा उघडलं, २५५चं वाक्य खोडलं नाही, तर त्याच्या आधी "अशी आख्यायिका आहे" असं लिहिलं, ती पहिल्यांदा कुठं आणि कधी दिसली ते नोंदवलं आणि खाली मायर यांच्या पुस्तकाची तळटीप जोडायला घेतली. पान क्रमांक त्याच्याकडे नव्हता. तिथं त्यानं "संदर्भ अपूर्ण" असं लिहिलं आणि माटोळीला दोरी धरायला उठला.