गेटवरचा कॅमेरा फोर-के आहे, तरी गाडीचा नंबर का दिसत नाही?

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गेटवर नवीन फोर-के कॅमेरा लागला आणि दोनच महिन्यांत पार्किंगमधल्या एका गाडीला कोणीतरी रात्री ठोकून निघून गेलं. सगळे रेकॉर्डिंग बघायला जमलो, गाडी दिसतेय, रंग कळतोय, पण नंबर प्लेटच्या जागी नुसता पांढरा ठिपका, आणि स्क्रीनवर झूम केलं तर तोच ठिपका मोठा झाला. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नव्हता, लेन्स घेताना हिशेब कोणी केला नव्हता, आणि हा हिशेब सातवीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

फोर-के म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल. ते किती रुंद जागेवर पसरणार हे लेन्सची फोकल लेंथ ठरवते (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा, तो जितका मोठा तितकं चित्र जवळचं आणि अरुंद). सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची) रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ, झालं. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ५.६ मिमी रुंद, लेन्स २.८ मिमी, गाडी २० मीटरवर, म्हणजे चित्रात ४० मीटर रुंदी मावते आणि एका मीटरला ९६ पिक्सेल मिळतात. आता आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कारच्या प्लेटवर अक्षराची रेघ १० मिमी जाड असते, दुचाकीच्या मागच्या प्लेटवर ७ मिमी. म्हणजे एका रेघेच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल! ८ आणि ३ वेगळे कळायचे तर रेघेवर निदान दोन-तीन पिक्सेल हवेत, म्हणजे मीटरला २५०-३००. कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतही माणूस ओळखण्यासाठी मीटरला २५० पिक्सेलच धरले होते, तिथे कोणीतरी आहे एवढं कळायला मात्र २५ पुरेसे मानले होते. हीच लेन्स १२ मिमीची असती तर २० मीटरवर फक्त ९ मीटर रुंदी आली असती आणि मीटरला ४०० च्या वर पिक्सेल. गेटला तेवढी रुंदी भरपूर झाली.

रेकॉर्डिंगनंतर केलेला झूम उपयोगाचा नाही, कारण जो तपशील सेन्सरवर पडलाच नाही तो नंतर कुठून येणार?

दुकानात ज्याला सरसकट ‘झूम लेन्स’ म्हणतात त्यात दोन प्रकार असतात. व्हेरिफोकलमध्ये फोकल लेंथ बदलली की फोकस हलतो, परत लावावा लागतो. खऱ्या झूममध्ये तो टिकला पाहिजे, आणि पीटीझेड कॅमेऱ्यात (जो मोटरवर फिरतो आणि झूम करतो) हे काम आतल्या छोट्या स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पायरीपायरीने फिरणाऱ्या मोटर करतात, एक मोटर झूमची भिंगं सरकवते, दुसरी फोकसची, आणि कुठल्या अंतरासाठी दोघींनी कसं सोबत चालायचं त्याचे तक्ते कॅमेऱ्याच्या मेमरीत असतात. गंमत अशी की वाइड (रुंद चित्राच्या) टोकाला हे सगळे तक्ते जवळपास एकच असतात, ४ मिमीला दोन-चार मीटरपासून पुढचं सगळंच शार्प दिसतं, टेलीकडे, म्हणजे जवळच्या अरुंद चित्राकडे गेलं की ते फाकतात. म्हणून वाइडवरून एकदम आत झूम केलं की कॅमेऱ्याला कळत नाही वस्तू नेमकी किती लांब आहे, तो फोकस मागेपुढे शोधत बसतो आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. उलट करा, आधी पूर्ण झूम इन करून प्लेटवर फोकस लावा आणि मग हवं तेवढं बाहेर या. गिअरमध्ये थोडी ढिलाईही असते, त्यामुळे चांगले कॅमेरे ठरलेल्या जागी नेहमी एकाच बाजूने येऊन थांबतात.

आयरिसचा, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राचा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते हाय रिझोल्यूशनमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा. भिंग कितीही चांगलं असलं तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून उतरत नाही, छोटी चकती होते, आणि छिद्र लहान केलं की चकती मोठी होते. एफ ४ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) हिरव्या प्रकाशाची चकती साधारण ५.४ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे हजारावे भाग. आमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल जेमतेम १.४५ मायक्रॉन! म्हणजे भर दुपारी ऑटो आयरिस आणखी मिटली की फोर-के फक्त नावाला उरतं. पी-आयरिस असली तर छिद्र किती उघडं आहे हे कॅमेऱ्याला नेमकं माहीत असतं, तो छिद्र फार मिटू देत नाही, जास्तीचा उजेड शटरने, म्हणजे सेन्सरवर प्रकाश घेण्याचा वेळ कमी करून सांभाळतो.

रात्रीची गोष्ट वेगळी. अंधारात कॅमेरा जो डोळ्यांना जवळपास न दिसणारा ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश वापरतो, तो काचेत थोडा कमी वळतो, त्यामुळे आयआर करेक्टेड (इन्फ्रारेडलाही तोच फोकस टिकवणारी) लेन्स नसेल तर दिवसा लावलेला फोकस रात्री सरकतो, आणि इन्स्टॉलर दिवसाच येतो, फोकस लावतो आणि जातो. शिवाय प्लेट प्रकाश उलट फेकणारी असते, इन्फ्रारेडमध्ये ती पांढरीफट्ट होते, आमचा ठिपका तोच. शटर १/२५ सेकंद असेल आणि गाडी २० किमी वेगाने आडवी जात असेल तर एका फ्रेममध्ये ती २२ सेंटीमीटर सरकते, १/५०० ला साधारण एक सेंटीमीटर. पण शटर वेगवान ठेवायचं तर उजेड हवा, आणि स्वस्त झूम लेन्स वाइडला एफ १.६ असली तरी टेलीला एफ ३.५ वर जाते, म्हणजे जवळपास पाचपट कमी प्रकाश. बॉक्सवर फक्त पहिला आकडा मोठा छापलेला असतो, दुसरा विचारून घ्या.

आम्ही शेवटी जुना कॅमेरा सगळं आवार दिसण्यासाठी तसाच ठेवला आणि दुसरा एक १२ मिमीवर लावून, जरा खाली, गेटच्या आतल्या स्पीड ब्रेकरकडे रोखला जिथे प्रत्येक गाडी हळू होतेच. फोकस रात्री साडेदहाला इन्फ्रारेड चालू असताना लावला, एक शेजारी त्यांची स्कूटर घेऊन समोर उभे राहिले होते. स्कूटरचा नंबर स्वच्छ वाचता आला.