डेंग्यूत फक्त 'पेशी' मोजून का भागत नाही
(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नेरुळ)

पावसाळा लागला की काउंटरवर आणि फोनवर एकच मागणी असते: "फक्त पेशी किती आहेत तेवढं सांगा, बाकी काही नको." डेंग्यूचा संशय असलेल्या रुग्णाचा नुसता प्लेटलेट काउंट आम्ही देत नाही, पूर्ण सीबीसीच (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) देतो. हा आमचा हट्ट बिल वाढवण्यासाठी नाही. मशिन त्याच नमुन्यातून सगळे आकडे एकदम काढतं, आणि त्यातला पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के आहे तो आकडा), डॉक्टरांना हवाच असतो. तो नसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

डेंग्यूत रुग्ण अचानक बिघडतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्या गळू लागल्यामुळे. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. तिच्यावर आतून ग्लायकोकॅलिक्स नावाचा नाजूक लेप असतो. विषाणूचं एनएस१ प्रथिन (पहिल्या दिवसांत आपण ज्याची टेस्ट करतो तेच) हा लेप झिजवतं. विषाणूशी लढताना शरीरच सोडत असलेल्या सायटोकाइन्स नावाच्या रसायनांमुळे पेशींमधले सांधेही सैल होतात. मग रक्तातलं पाणी, क्षार आणि अल्ब्युमिन हे प्रथिन बाहेर झिरपून छातीत, पोटात साठतं. सोनोग्राफीत 'पोटात पाणी' किंवा 'पित्ताशयाची भिंत जाड' असं लिहून येतं ते यामुळेच. लाल पेशी मात्र आत राहतात. आमटी आटली की डाळ वाढलेली नसते, पाणी कमी झालेलं असतं. पीसीव्ही चढतो तो तसाच.

आता सगळ्यात जास्त वेळ घालवणारी चूक. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सीबीसी केलेलाच नसतो, किंवा केलेला असतो पण रिपोर्ट घरी राहिलेला असतो. पीसीव्हीचा एकटा आकडा फार काही सांगत नाही. त्या पहिल्या दिवसांतल्या मूळ आकड्यापेक्षा तो २० टक्के किंवा जास्त चढला, तर गळती मोठी आहे असं धरतात. एखाद्या बाईंचा पीसीव्ही ३६ वरून ४३.२ वर गेला तर वाढ बरोबर २० टक्के झाली, पण दोन्ही आकडे नॉर्मलच्या रकान्यात बसतात. रिपोर्टवर लाल खूण येत नाही आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून जुना रिपोर्ट, निदान त्याचा मोबाइलवरचा फोटो, सोबत हवाच. रोज वेगळ्या लॅबमध्येही जाऊ नका: मशिन बदललं की आकडा थोडा सरकतो आणि खरी वाढ कोणती ते कळत नाही. आमच्याकडे त्याच रुग्णाचे सगळे आकडे तारीखवार एकाच पानावर छापून मिळतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

"ताप उतरला, आता टेस्ट कशाला?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. गळतीचा काळ साधारण तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरतानाच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या दोन दिवसांत डॉक्टर सांगतील तितक्या वेळा टेस्ट करा. प्लेटलेट ६० हजार असूनही पीसीव्ही स्थिर असलेला रुग्ण सुधारत असू शकतो. प्लेटलेट एक लाखावर असून पीसीव्ही चढत असलेल्याला भरती करावं लागू शकतं. पपईच्या पानांचा रस आणि किवी देऊन प्लेटलेट वाढायची वाट बघणाऱ्या घरात हा दुसरा आकडा कुणी बघतच नाही. पीसीव्ही अचानक खाली आला तर तो सलाइनमुळे असेल किंवा आत रक्तस्राव होत असेल. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

नमुना पुन्हा मागितला तर रागावू नका. सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त पातळ येतं, म्हणून आम्ही दुसरा हात मागतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत खुणेपेक्षा कमी रक्त भरलं तर आतल्या ईडीटीएचं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचं) प्रमाण जास्त होऊन लाल पेशी आकसतात आणि पीसीव्ही खोटा कमी दिसतो. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएत गुठळ्या करतात आणि मशिन त्या कमी मोजतं; म्हणून काउंट कमी आला की आम्ही स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करतो. रिपोर्टला थोडा उशीर होतो तो याचसाठी.

पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा बेचैनी, लघवी कमी होणं: यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

नेरुळ, सीवूड्स, जुईनगर आणि सानपाड्यात आमचा माणूस सकाळी घरी येऊन नमुना घेतो. सीबीसीसाठी उपाशी राहायची गरज नाही. पाणी, ओआरएस, पेज चालू ठेवा. फोन करताना ताप कोणत्या दिवशी आला ते सांगा, आणि आधीचा रिपोर्ट तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.