आपत्कालीन वाहनांना वाट देणे (खानदेश)

रुग्णवाहिका, अग्निशमन बंब किंवा शासनाने ठरवून दिलेले अन्य आपत्कालीन वाहन भोंगा व दिवा चालू ठेवून येत असता इतर चालकांनी वेग कमी करून डावीकडे सरकणे आणि त्यास पुढे जाऊ देणे, यास वाट देणे म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९४ ई नुसार अशी वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या प्रसंगी अपघात बहुधा घाईमुळे घडतात. भोंगा ऐकताच आहे त्या जागी करकचून ब्रेक दाबणे हे वाट अडविण्याइतकेच घातक असते, कारण पाण्याने भरलेला बंब जड असल्याने चटकन थांबत नाही आणि रुग्णवाहिकेला अचानक ब्रेक लावावा लागल्यास आत रुग्णाला सांभाळणारा कर्मचारी तोल जाऊन पडू शकतो. म्हणून आधी आरशात पाहावे, डावा इंडिकेटर द्यावा व हळूहळू कडेला यावे; दुचाकीस्वारांनी बंबामागून मोकळी झालेली वाट साधण्याचा मोह टाळावा, कारण एकामागून दुसरे आपत्कालीन वाहन येत असण्याचा संभव असतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही डावीकडे सरकणे आवश्यक असते, कारण आपत्कालीन वाहन ओलांडून जाताना त्यांच्याच बाजूला येते. सिग्नलवर थांबलेल्याने वाट देण्यासाठी आडव्या वाहतुकीत गाडी घालू नये. जागा असेल तेवढे डावीकडे सरकावे.

खानदेशात ‘कडेला घ्या’ हा सल्ला मात्र जपून पाळावा लागतो. तापीखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराची कड आणि साइडपट्टी यांत अनेक ठिकाणी पायरीसारखा उतार पडतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीने भरलेल्या ट्रकचे डावे चाक ओल्या साइडपट्टीवर उतरले, तर ते रुतते, ट्रक कलतो आणि रुग्णवाहिकेची वाट पूर्वीपेक्षा अधिक अडते. अशा वेळी चारही चाके डांबरावर ठेवून वेग कमी करावा आणि पुढील फाटा, पेट्रोल पंप किंवा रुंद जागा येताच बाजूला व्हावे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची अडचण निराळी असते: इंजिनाचा आवाज, त्यात मोठ्याने लावलेला टेप आणि मागचे काही दिसू न देणारी मोळ्यांची रास यांमुळे चालकाला भोंगा उशिरा कळतो. टेपचा आवाज बेताचा ठेवणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. लग्नसराईत वरातीने पूर्ण रस्ता व्यापू नये, ही जबाबदारी डीजे लावणाऱ्यांपेक्षा वरपक्षाकडे अधिक जाते.

घाटात नियम थोडे बदलतात. अरुंद चढावर एरवी उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्यास प्राधान्य द्यावयाचे असते. पण तोरणमाळ किंवा धडगावच्या बाजूने सातपुड्यातून रुग्ण घेऊन उतरणारी रुग्णवाहिका आल्यास चढणाऱ्यानेच रुंद जागा पाहून थांबणे योग्य ठरते. वळणावर मात्र थांबू नये, कारण तेथे उभे असलेले वाहन मागून येणाऱ्यास दिसत नाही आणि ओलांडणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकालाही समोरचा रस्ता दिसत नाही.