बूटेबल पुनर्प्राप्ती पेनड्राइव्ह

संगणकाच्या हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील कार्यप्रणाली सुरू होईनाशी झाली, तर संगणक बाहेरून चालू करून दुरुस्ती करता यावी म्हणून आधीच तयार करून ठेवलेला यूएसबी पेनड्राइव्ह. ‘आधीच’ या शब्दाला येथे विशेष महत्त्व आहे, कारण संगणक बंद पडल्यावर असा पेनड्राइव्ह बनवण्यासाठी दुसरा चालू संगणक शोधावा लागतो.

आयएसओ फाइल (संपूर्ण प्रतिष्ठापन-डिस्कची एकाच फाइलीत साठवलेली प्रतिमा) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली की काम झाले, हा गैरसमज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात संगणक चालू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेले, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) बूट करण्याजोगा, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा, पहिला प्रोग्रॅम ठरावीक जागीच शोधते आणि आयएसओ फाइलच्या पोटात काय आहे हे त्याला सहसा कळत नाही. जुन्या पद्धतीचे फर्मवेअर, म्हणजे बायोस, ड्राइव्हचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर वाचते, तर यूईएफआय हे नव्या पद्धतीचे फर्मवेअर फॅट या फाइल प्रणालीच्या (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीच्या) विभाजनातील ‘ईएफआय’ फोल्डरात, ‘बूट’ या उपफोल्डरात, ठरलेल्या नावाची फाइल शोधते. ६४-बिट इंटेल व एएमडी संगणकांसाठी ते नाव ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असे असते. त्यामुळे यूईएफआय संगणकासाठी फॅट३२ (फॅटचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवर आयएसओतील मजकूर उलगडून ठेवला तरी पुष्कळदा भागते. अडचण येते ती आकाराची: फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य प्रतिमा-फाइल अनेकदा ही मर्यादा ओलांडते. अशा वेळी ती फाइल तुकड्यांत विभागतात, किंवा रूफससारखे पेनड्राइव्ह बनवणारे साधन एनटीएफएस (मोठ्या फायली मावणारी विंडोजची फाइल प्रणाली) विभाजनाला जोडून, ते फर्मवेअरला वाचता यावे म्हणून, एक छोटा यूईएफआय ड्रायव्हर ठेवते.

विंडोजमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’, म्हणजे पुनर्प्राप्ती पेनड्राइव्ह, बनवण्याची सोय अंगभूत आहे. प्रतिष्ठापनाचा (विंडोज नव्याने बसवण्याचा) पेनड्राइव्ह हवा असल्यास किमान ८ जीबी क्षमता लागते. दोन्ही प्रकारांत पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो आणि वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायलींची प्रत त्यात घेतली जात नाही. ती वेगळी ठेवावी लागते. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ ‘डीडी’ या आज्ञेने थेट पेनड्राइव्हवर लिहिता येतात, मात्र ही आज्ञा काहीही न विचारता दिलेल्या उपकरणावर लिहिते, त्यामुळे नावातील एका अक्षराच्या चुकीने संपूर्ण हार्ड डिस्क गमावण्याची वेळ येऊ शकते. व्हेंटॉय या साधनाची रीत निराळी आहे: त्याने एकदा तयार केलेल्या पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ फायली नुसत्या कॉपी करून सुरुवातीच्या यादीतून निवडता येतात.

उतरवून घेतलेली आयएसओ जशीच्या तशी आली आहे ना हे कळण्यासाठी तिचा एसएचए-२५६ अंक (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) प्रकाशकाने दिलेल्या अंकाशी ताडून पाहावा. तयार पेनड्राइव्हवरून संगणक एकदा तरी चालू करून बघणे इष्ट, कारण बूट मेनूची, म्हणजे कोणत्या ड्राइव्हवरून सुरू करायचे हे निवडण्याच्या यादीची, कीबोर्डवरील कळ (एफ१२, एफ९, एस्केप वगैरे) उत्पादकानुसार बदलते आणि सिक्युअर बूट ही यूईएफआयची सुरक्षा-सोय चालू असल्यास विश्वासार्ह स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम रोखला जातो. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध असेल, तर पेनड्राइव्ह नीट सुरू होऊनही ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळीशिवाय (रिकव्हरी की) सहसा आतील फायली वाचता येत नाहीत; म्हणून ती कळ संगणकाबाहेर नोंदवून ठेवतात.