'दोन इंची पाइप द्या' म्हणण्याआधी

सप्रेम नमस्कार,

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या पाइपच्या गोदामात रोज निदान एक तरी फोन असा येतो: "दोन इंची सीमलेसचे (बिनशिवणीच्या पाइपचे) अठरा तुकडे काढून ठेवा, पोरगा निघालाय." आम्ही विचारतो, एनबी (नॉमिनल बोअर, भोकाचं नावापुरतं माप) की ओडी (बाहेरचा व्यास)? "अहो, नेहमीचीच!" आणि फोन बंद.

प्रत्येकाची 'नेहमीची' वेगळी असते. बॉयलर आणि वाफेच्या लाइनचं काम करणाऱ्यांसाठी दोन इंची म्हणजे दोन इंच एनबी. तिचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर. लेथवाल्यांची दोन इंची म्हणजे ओडी दोन इंच, 50.8 मिलिमीटर. साडेनऊ मिलिमीटरचा फरक. गेल्या पावसाळ्यात सिन्नरच्या एका ग्राहकांचे अठरा तुकडे आम्ही 60.3 मध्ये कापले, त्यांना हवे होते 50.8. निम्मं नुकसान आम्ही सोसलं. पण त्यांची मशीन दोन दिवस बसून राहिली, ती भरपाई कुणालाच देता आली नाही. तेव्हापासून ऑर्डर लेखी आल्याशिवाय आम्ही करवतीला हात लावत नाही. काही जुन्या ग्राहकांना याचा राग येतो. येऊ दे, पण कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

हा घोळ जुना आहे. पूर्वी दोन इंची पाइपचं आतलं भोक खरंच दोन इंचाच्या आसपास असायचं. पुढे जाडी बदलत गेली, पण आटे आणि फिटिंग जुळायला बाहेरचा व्यास कायम ठेवावा लागला. म्हणून शेड्यूल, म्हणजे जाडीचा ठरलेला क्रमांक, 40 असो की 80, दोन इंच एनबीची ओडी 60.3 च राहते, आणि जाडी 3.91 वरून 5.54 झाली की भोक आतून आक्रसतं. वजनही मीटरला 5.44 किलोवरून 7.48 किलोवर जातं. पाइप किलोवर विकली जाते, त्यामुळे 'शेड्यूल कुठलंही चालेल' म्हणणाऱ्यांना बिल पाहून धक्का बसतो. चौदा इंचापासून पुढे मात्र एनबी आणि ओडी एकच, तिथे भांडण नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "एकाच कारखान्यात पाइप आणि रेल्वेची चाकं, हे कसं?" युक्रेनमधल्या द्नीप्रोच्या इंटरपाइप या पाइप आणि चाकं बनवणाऱ्या कंपनीचं नाव बातम्यांत आल्यापासून हे फारच विचारलं जातं. वंदे भारतसाठी चाकं तिकडून यायची होती. 2022 मध्ये युद्ध पेटलं, आणि पहिली 128 चाकं ट्रकनं रोमानियात नेऊन तिथून विमानानं आणायचं ठरलं.

दोन्हींचं मूळ एकच, भरीव गोल बिलेट, म्हणजे पोलादाचा जाड दांडा. पाइपसाठी 1885 साली जर्मनीतल्या मान्नेसमान बंधूंनी शोधलेली रीत अशी: लालभडक बिलेट दोन तिरक्या रोलांमध्ये फिरवत पुढे ढकलायचं. मधोमध पोलाद सैल होऊन फाटू लागतं आणि समोर धरलेल्या टोकदार प्लगवर ते चढत जातं. शिवण नाही, वेल्डिंग नाही. चाकासाठी बिलेटचा ठोकळा तोडतात, प्रेसमध्ये दाबतात आणि मग त्याची कडा गोल फिरवत लाटतात. म्हणजे चांगलं गोल पोलाद हाताशी असेल तर दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालतात.

इंटरपाइपची वाढही त्याच वाटेनं झाली. 1990 मध्ये सुरुवात, मग द्नीप्रो आणि निकोपोलचे जुने पाइप कारखाने ताब्यात, आणि 2012 मध्ये जुन्या ओपन हार्थ भट्ट्यांच्या जागी भंगार वितळवणारी स्वतःची विजेची भट्टी, वर्षाला 13.2 लाख टन क्षमतेची. आम्हाला यात मोठेपणा क्षमतेचा वाटत नाही. पोलाद स्वतःचं असलं की चूक कुठल्या भट्टीत झाली ते शोधता येतं, खरं मोल त्याचं. आपल्याकडेही जेजुरीला पोलाद आणि नगर-बारामतीला त्याच्या नळ्या, अशी साखळी आहे.

चूक शोधण्याचा धागा म्हणजे हीट नंबर, भट्टीतल्या एका खेपेच्या पोलादाला दिलेला क्रमांक. पाइपच्या टोकाजवळ तो छापलेला असतो आणि नेमकं तेच टोक काही जण आधी कापून वापरतात. मग इन्स्पेक्टर उरलेल्या पाइपवर बोट ठेवतो, "याचं सर्टिफिकेट कुठलं?" आणि उत्तर नसतं. आमच्याकडे कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर पंचानं ठोकला जातो. कटिंगचे चार पैसे जास्त लागतात ते त्यासाठी.

हॉनिंग किंवा बोअरिंग (भोक आतून घासून किंवा कापून नेमक्या मापाला आणणं) करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. प्लग गरम पोलादात थोडा इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे सीमलेसचं भोक अगदी मध्यात नसतं. ए-106 या सीमलेस पाइपच्या अमेरिकन मानकात जाडी साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी भरली तरी माल पास धरतात, म्हणजे सहा मिलिमीटरच्या पाइपला एखाद्या बाजूला व्हर्नियर 5.25 दाखवू शकतो. तो आमचा दोष नाही, पाइप बनवणाऱ्या मिलचाही नाही. तुम्ही तयार मापाचीच पाइप मागितलीत तर एका बाजूला टूल लागेल आणि दुसरी बाजू न कापली जाता काळीच राहील. तयार माप आम्हाला सांगा, त्यासाठी लागणारं कच्च्या पाइपचं माप काढून देणं आमचं काम. त्याचे पैसे नाहीत.

माप माहीत नसेल तर जुना तुकडा घेऊन या, गंजलेला असला तरी चालेल. आणि मेसेज पाठवाल तर असा: ओडी 60.3, जाडी 5.54, लांबी 400 मिमी, 18 नग, वाफेच्या लाइनसाठी, सर्टिफिकेट हवं. दुपारी बारापर्यंत एवढं हातात आलं तर सातपूर-अंबडला त्याच संध्याकाळी आणि सिन्नरला दुसऱ्या दिवशी सकाळी माल पोचतो.