गुठळी आली कुठून?

माझा मावसभाऊ फोंड्याला राहतो. वय अडतीस. एका सकाळी पातळ भाजीत पाव बुडवताना पाव त्याच्या हातातून गळून पडला. पुन्हा उचलायला गेला तर बोटं मिटेनात. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं मावशीने पाहिलं, पण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणावं असं ते वयच नव्हतं. कपाळाला बाम चोळण्यात आणि लिंबूपाणी देण्यात पाऊण तास गेला. मग 108 ला फोन केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तो वेळेत पोहोचला, हात परत आला.

पुढचे दिवस तपासण्यांचे. एमआरआयमध्ये मेंदूला इजा झालेली जागा स्पष्ट दिसत होती. पण रक्तदाब, साखर, मानेतल्या धमन्या, हृदयाचे ठोके, सगळं ठीक. “मग झालं कशानं?” मावशी विचारत राहिली. गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या तरुणांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. डॉक्टर त्याला ‘क्रिप्टोजेनिक’ म्हणतात, म्हणजे कारण लपलेलं.

अशा वेळी संशय हृदयातल्या एका छोट्या झडपेवर जातो. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून रक्त या झडपेवाटे उजव्या कप्प्यातून थेट डाव्या कप्प्यात जातं. जन्मानंतर ही वाट बुजते, पण चौघांतल्या एकाची पूर्ण बुजत नाही. पायातली बारीकशी गुठळी एरवी फुप्फुसात अडकून राहिली असती. जोरात खोकताना वा कुंथताना ती या फटीतून निसटून मेंदूकडे जाऊ शकते.

भावाची ‘बबल टेस्ट’ झाली तेव्हा मी सोबत होतो. दोन सिरिंजमध्ये सलाईन आणि किंचित हवा इकडून तिकडे घुसळून फेसाळ केली आणि शिरेत सोडली. पडद्यावर हृदयाचा उजवा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. “कुंथा... आता सोडा,” तंत्रज्ञ म्हणाली. तीन ठोक्यांच्या आत चार-पाच ठिपके फटीतून डावीकडे आले.

सापडलं कारण! असं आम्हाला वाटलं. पण जी फट दर चौथ्या माणसात असते ती सापडली म्हणून तीच दोषी कशी ठरणार? मला खरं विज्ञान इथे दिसतं. निवडक रुग्णांत, साठीच्या आत, फट बंद केल्याने पुन्हा पक्षाघाताचा झटका येण्याचं प्रमाण घटतं, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी दाखवलं. निवडक हा शब्द महत्त्वाचा.

निवडायचं कसं, हे कळायला आजारी नसलेली माणसंही लागतात. युरोपातल्या ‘सिक्रेटो’ अभ्यासाने 18 ते 49 वयाच्या, कारण न सापडलेल्या 523 रुग्णांसमोर झटका न आलेली तितकीच माणसं ठेवली, वय आणि लिंग जुळवून. 2025 साली आलेल्या निष्कर्षांत, फट असलेल्या रुग्णांमध्ये सर्वांत ठळक ठरली ती ऑरा असलेली अर्धशिशी, म्हणजे डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणारी. फट नसलेल्यांत मात्र धूम्रपान, रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणं जास्त पुढे आली. अर्धशिशी असणाऱ्या बहुतेकांना झटका कधीच येत नाही, हेही इथेच सांगायला हवं.

हे वाचल्यावर मी भावाला फोन केला. “डोकं दुखायच्या आधी कधी काही दिसायचं का रे?”

थोडा वेळ तो गप्प होता. “कॉलेजात असताना,” तो म्हणाला, “फळ्यावर नागमोडी रेघा हलायच्या. मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला.”

पुढच्या तपासणीला जाताना हे त्याने कागदावर लिहून नेलं.